अंधांचा संगणक कानाने पारखावा

सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेल्या करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज आणि स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र ही सारी कामे संगणकाच्या पडद्यावरून होऊ लागली असताना, ज्याला तो पडदा दिसतच नाही अशा नागरिकाच्या वाट्याला कोणता संगणक येतो, याचा विचार आपल्या कचेऱ्यांत, महाविद्यालयांत आणि वाचनालयांत व्हावा तितक्या गांभीर्याने होत नाही. खरेदीच्या वेळी यंत्राची किंमत आणि हमीची मुदत यांची बारकाईने छाननी होते. फार झाले तर अंधांसाठी एखादे बोलणारे सॉफ्टवेअर बसवावे, असा शेरा दप्तरी पडतो आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान सर्वांना लाभते. माझे म्हणणे असे की, बोलणारे सॉफ्टवेअर ही अर्धीच सोय होय. उरलेली अर्धी सोय त्याखालच्या डेस्कटॉपवर, म्हणजे खिडक्या, मेन्यू आणि पट्टी यांच्या मांडणीवर, आणि त्यातही विंडो मॅनेजर या घटकावर अवलंबून असते. म्हणून त्याची निवड अंध वापरकर्त्याच्या कानाने पारखल्यावाचून कायम होता कामा नये.

विंडो मॅनेजरचे काम वरकरणी क्षुल्लक वाटते. उघडलेल्या खिडक्या पडद्यावर कोठे मांडावयाच्या, त्यांतील कोणती पुढे आणावयाची आणि दाबलेली कळ कोणत्या खिडकीकडे पोचवावयाची, एवढेच तो ठरवितो. डोळस माणसाला हे सारे एका दृष्टिक्षेपात उमगते. अंध माणसाला मात्र ते कोणी सांगितले तरच कळते. विंडोजवर हे सांगण्यासाठी एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांच्या उद्योगातून तो २००६मध्ये उभा राहिला. तेथे विंडो मॅनेजर प्रणालीतच गोवलेला असल्याने निवडीचा प्रश्न उद्भवत नाही. लिनक्स या विनामूल्य प्रणालीत तो उद्भवतो. तेथील ऑर्का या स्क्रीन रीडरचा पाया मार्क मल्केही या अंध प्रोग्रामरने सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत असताना घातला आणि २००६पासून तो ग्नोम डेस्कटॉपचा भाग झाला. येथे बटन आहे, त्याचे नाव अमुक, ते सध्या निवडलेले आहे, अशी वर्दी प्रत्येक प्रोग्रामने एटी-एसपीआय या ठरलेल्या मार्गाने द्यावी आणि ऑर्काने ती वाचून दाखवावी, अशी ही व्यवस्था आहे. वर्दी देणाराच मुका असला, तर वाचणारा निरुपाय होतो.

नेमकी हीच आपत्ती जुन्या यंत्रांवर ओढवते. दहा-बारा वर्षांपूर्वीचे संगणक निकालात न काढता त्यांवर लिनक्स बसवावे आणि परवान्याचा खर्च वाचवावा, हा विचार काटकसरीच्या दृष्टीने स्तुत्यच आहे. परंतु अशा यंत्रावर मेमरी कमी लागते म्हणून ओपनबॉक्ससारखा हलका विंडो मॅनेजर बसविला, की त्याचे मेन्यू आणि खिडक्यांची यादी पडद्यावर केवळ चित्ररूपाने उमटतात, आणि ऑल्ट व टॅब या कळांनी एका खिडकीतून दुसरीकडे जाऊ पाहणाऱ्या अंध विद्यार्थ्याला त्या यादीतील एकही नाव ऐकू येत नाही. यंत्र वेगाने चालते, ऑर्काही चालू असतो, आणि तरीही विद्यार्थी खोळंबून बसतो. बसविणाऱ्याच्या मनात दोष नसतो. त्याने ते यंत्र डोळ्यांनी तपासलेले असते, एवढेच.

म्हणून सामान्य वापरासाठी, विशेषतः जुन्या यंत्रांसाठी, माझी शिफारस माटे या डेस्कटॉपची आणि त्याच्या मार्को या विंडो मॅनेजरची आहे. २०११मध्ये ग्नोमने आपले रूप आमूलाग्र पालटले, तेव्हा ग्नोम २ची जुनी मांडणी टिकवून धरण्यासाठी त्याच वर्षी माटेचा जन्म झाला. त्याला मेमरी माफक लागते, त्याचे मेन्यू आणि पट्टी ऑर्काला वाचता येतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याची रीत वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही. स्थैर्याचे हे मोल डोळस माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. करमाळ्याच्या कमलाभवानीच्या देवस्थानातील ९६ पायऱ्यांची विहीर ज्याच्या पावलांना पाठ आहे तो अंधारातही निःशंकपणे खाली उतरेल. पण त्या पायऱ्यांची उंची दर वर्षी कोणी नव्याने ठरवू लागला, तर त्याच्या साऱ्या अभ्यासाची माती होईल.

याचा अर्थ नव्याला विरोध करावा असा नव्हे. वेलँड ही पडद्याची नवी व्यवस्था एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या कळा चोरून ऐकू देत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तथापि स्क्रीन रीडरला आपल्या आज्ञांच्या कळा कोणत्याही खिडकीत ऐकू याव्या लागतात, त्यामुळे त्याच्यासाठी स्वतंत्र वाट मुद्दाम करून द्यावी लागते. ग्नोमने २०२५च्या ४८व्या आवृत्तीत ती करून दिली. म्हणून नव्या आणि सशक्त यंत्रावर ग्नोम घेण्यास प्रत्यवाय नाही. वेलँडवर चालणाऱ्या ज्या डेस्कटॉपांत ती वाट झालेली नाही, ते कितीही देखणे असले तरी सार्वजनिक संस्थेने तूर्त दूर ठेवावेत.

कुशल वापरकर्त्याची गोष्ट निराळी. पुण्यात वाढलेले आणि चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गमावलेले टी. व्ही. रमण यांनी पुणे विद्यापीठ, मुंबईची आयआयटी आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ येथे शिक्षण घेतल्यावर १९९५मध्ये इमॅक्सस्पीक हे बोलणारे सॉफ्टवेअर निर्माण केले. पडद्यावरील मांडणीची नक्कल न वाचता मजकुराचा अर्थच वाणीने प्रकट करावा, हे त्यामागचे तत्त्व, आणि त्यातून एक संपूर्ण श्राव्य डेस्कटॉप उभा राहिला. आय३सारख्या, सर्वस्वी कळफलकावर चालणाऱ्या विंडो मॅनेजरकडेही काही जाणकार अंध प्रोग्रामर आपखुशीने वळतात. ज्याला ते साधते त्याला ते अवश्य मिळावे. लिनक्समध्ये एकाच यंत्रावर अनेक डेस्कटॉप बसविता येतात आणि प्रत्येकाला स्वतःच्या खात्यासाठी हवा तो निवडता येतो. तेव्हा एकाची सोय दुसऱ्यावर लादण्याचे कारणच उरत नाही.

मराठीचा प्रश्न याहून निकडीचा. ईस्पीक एनजी या विनामूल्य वाणीला मराठी येते. उच्चार यांत्रिक असले तरी सरावाने ते भराभर कळू लागतात. परंतु श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर म्हणजे वास्तविक इतर अक्षरांच्या जागी बसविलेल्या देवनागरी आकृत्या होत. स्क्रीन रीडर त्यांचा निरर्थक गलबला ऐकवितो, आणि कागदाचे नुसते छायाचित्र काढून चढविलेला हुकूम तर त्याला कोराच वाटतो. उत्तम विंडो मॅनेजर निवडूनही दस्तऐवज युनिकोड या प्रमाण अक्षरसंकेतात नसेल, तर सारी यातायात व्यर्थ जाते.

कायद्याचा आधार शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६च्या कायद्याचे ४२वे कलम माहिती आणि तंत्रज्ञान सुलभ असावे, असे शासनाला बजावते. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे नियम ऐच्छिक असून चालणार नाहीत असे ठरविले, आणि प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हा हक्क दिल्लीत मान्य झाला, तरी त्याची अंमलबजावणी अखेर तालुक्यातील एखाद्या टेबलावरच व्हावयाची असते.

तेव्हा करमाळ्यातील आणि राज्यातील प्रत्येक संस्थेने निविदेत एक साधी अट घालावी. यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी मॉनिटर बंद करावा आणि एखाद्या अंध वापरकर्त्याने, कोणाचेही साहाय्य न घेता, लॉगिन करावे, मराठीत अर्ज लिहावा, दोन खिडक्यांमध्ये ये-जा करावी, फाइल जतन करून पुन्हा शोधावी आणि यंत्र बंद करावे. या परीक्षेत लॉगिनचा पडदाच मुका निघाला, तरी यंत्र परत जावे. परीक्षेला बसणाऱ्या व्यक्तीला तिच्या श्रमाचा रीतसर मोबदला मिळावा, तिचा अभिप्राय दप्तरी रुजू व्हावा आणि तिच्या मंजुरीवाचून पुरवठादाराचे बिल अदा होऊ नये. या अटीने खर्च फारसा वाढणार नाही. निर्णयाचा अधिकार मात्र, ज्याला त्या यंत्रावर आयुष्य उभारावयाचे आहे, त्याच्या हाती जाईल.