उपकाराची घाई

‘आठ दिवस झाले, अजून खाटेखालून बाहेर येत नाही. इतके करूनही ओळख नाही; असले कुत्रे घेऊन काय करायचे?’ असे म्हणून आश्रयगृहातून आणलेले कुत्रे तेथेच परत नेऊन सोडणारे सद्गृहस्थ अलीकडे आमच्या पाहण्यात वारंवार येतात. देवळाच्या सभामंडपात ते आमच्याच शेजारी बसतात आणि नामदेवरायांच्या कथेला त्यांच्याही डोळ्यांत पाणी येते. म्हणूनच स्पष्ट लिहिणे भाग आहे. दोष त्या मुक्या जनावराचा मुळीच नाही; तो यजमानाच्या घाईचा आहे. परत गेलेल्या कुत्र्याला तर माणूस पुन्हा एकदा पारखा झाला. त्यापेक्षा त्याला आणले नसते तर बरे झाले असते.

नामदेवराय भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, त्यातला भाव वंदनीयच आहे. परंतु भेदरलेल्या कुत्र्यामागे आपण तसे धावू लागलो तर ते कुंपणावरून उडी टाकून पसार होईल. नामदेवरायांस साधले ते तुम्हांआम्हांस साधणार नाही! आम्हांस येथे महाप्रस्थानिक पर्वातला धर्मराज अधिक जवळचा वाटतो. हस्तिनापूर सोडताना एक कुत्रा आपण होऊन पांडवांच्या मागे चालू लागला. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, तरी तो चालतच राहिला. आणि स्वर्गाच्या दारी त्याला टाकून येण्यास युधिष्ठिराने नकार दिला. आमचे सद्गृहस्थ आठव्या दिवशीच टाकतात.

याला शास्त्राचाही आधार आहे. पिलाचे मन तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत विशेष संस्कारक्षम असते. अमेरिकेत फ्रीडमन, किंग व एलियट यांचा एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यात १४ आठवडे माणसाच्या सहवासाविना वाढलेली पिले माणूस जवळ येताच रानटी जनावरासारखी बिथरत. मग माणसाची ओळख ज्याला दगडांनीच झाली, त्याने ती आठ दिवसांत विसरावी कशी?

आमच्या घरी एक तांबूस गावठी कुत्री आली, ती राजांगणालगतच्या जिन्याखाली शिरून बसली. तीन दिवस तिने उजेडी अन्नाला तोंड लावले नाही. दिवे मालवल्यावर मात्र पेजेचे भांडे रिकामे होई. आम्ही रोज संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचीत बसलो आणि अधूनमधून भाकरीचा तुकडा बाजूला टाकीत गेलो. हाक नाही, डोळ्याला डोळा नाही, डोक्यावरून हात फिरविणे तर नाहीच. ‘माझे कोणतेही कुत्रे ऐकते’ म्हणणाऱ्या पाहुण्यांस (असे एक माणूस प्रत्येक कुटुंबात असतेच) ओसरीवरूनच वाटेला लावले. एकोणिसाव्या दिवशी मागून येऊन तिने आमच्या कोपराला नाक लावले. आम्ही वळून पाहिले नाही. पाहिले असते तर पुन्हा जिना होताच. एखाद्याला एकोणीस दिवस पुरतील, एखाद्याला सहा महिने लागतील, आणि एखादे जन्मभर हातभर अंतर राखूनच प्रेम करील, तेही आपलेच.

कुत्रे गुरगुरले म्हणून त्याला मारणाऱ्यांविषयी काय लिहावे! गुरगुरणे म्हणजे ‘जवळ येऊ नका’ ही सूचना. ती मार देऊन बंद पाडली, की कुत्रे सूचनेविना चावते आणि मग त्याला ‘पिसाळलेले’ म्हणावयास आपण मोकळे. घरात रांगते मूल आहे, थांबण्यास सवड नाही, अशी अडचण असेल तर आणूच नये; त्यात कमीपणा नाही. आणले तर रेबीजची लस आणि फाटकाची कडी, या दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी हव्यात.

आमच्या गोव्यात आणखी एक पथ्य आहे. चवथीच्या तोंडावर कुत्रे घरी आणू नये. माटोळीची धांदल, माणसांची ये-जा, अंगणात फटाके; अशात नवे कुत्रे सुटले तर परतीचे घर अजून त्याच्या ओळखीचेच झालेले नसते. नरकासुराच्या रात्रीचा गोंगाट तर जुन्या कुत्र्यांसही सोसत नाही. आमची कुत्री चार वर्षांनंतरही त्या रात्री जिन्याखालीच जाऊन बसते. आम्ही तिला बाहेर बोलावीत नाही. पेजेचे भांडे तेवढे आत सरकवून ठेवतो.