आईचा व्यवसाय

लच्छ्याची बोलणी आपल्याकडे सोन्यावरून सुरू होतात आणि सोन्यावरच संपतात. मराठवाड्यात आणि हैदराबादेत निकाहच्या वेळी सासरच्या बायका दुल्हनच्या गळ्यात लच्छा बांधतात, तोवर त्यातले सोन्याचे मणी किती, पदक केवढे, सराफ कोणता, हे सगळे सर्वांना पाठ झालेले असते. पण दागिन्याला नाव मिळाले आहे ते काळ्या पोतीवरून, ‘काली पोत का लच्छा’ म्हणून. ही पोत म्हणजे काच. भाव सोन्याचा आणि नाव काचेचे, अशी ही गंमत आहे. या महिन्यात आम्ही काचेच्या बाजूने लिहिणार आहोत.

बारीक पोत जुन्या रीतीने कशी होते, ते आधी पाहू. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून काच करतात. तिचा रसरशीत गोळा लोखंडी दांडीवर घेऊन पोकळ करायचा आणि भट्टीच्या तोंडातून त्याची नळी ओढत राहायची. आंध्रात तिरुपतीजवळच्या पापानायडुपेट गावात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. समोर बसलेला कारागीर एका हातामागून दुसरा हात असे करत नळी ओढतो. भराभर ओढली तर मणी बारीक आणि सावकाश ओढली तर जाड होतो. मोजपट्टी नसते, माप हातातच असते. नळी निवली की तिचे इवले इवले तुकडे पाडतात. त्यांच्या कडा धारदार असतात, म्हणून ते राखेत घोळवून पुन्हा तापवतात. राखेमुळे भोके बुजत नाहीत आणि कडा गोल होतात. मग धुणे, चाळणे, निवडणे आणि ओवणे. अशा ओढीव मण्यांना अभ्यासक पीटर फ्रान्सिस यांनी ‘इंडो-पॅसिफिक’ असे नाव दिले, कारण ते आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून आग्नेय आशियापर्यंत जमिनीखाली सापडतात. आता बाजारातली बरीच पोत यंत्रावरची असते, पण ती ओवायला आजही माणसाचीच बोटे लागतात.

मोठा, नक्षीचा मणी मात्र दिव्यावर होतो. उत्तर प्रदेशातल्या हाथरस जिल्ह्यातले पुरदिलनगर आणि बनारस ही त्याची ठिकाणे. कारागीर ज्योतीसमोर बसतो. एका हातात काचेची कांडी, दुसऱ्या हातात मातीचा लेप दिलेली तार. काच काकवीसारखी ओघळू लागली की ती तारेवर गुंडाळायची आणि तार सतत फिरवत राहायची. हात क्षणभर थांबला तर मणी एका बाजूला लोंबतो. लेप असतो म्हणून थंड झालेला मणी तारेवरून निघतो. वर दुसऱ्या रंगाचा ठिपका किंवा रेघ हवी असेल तर तीही याच गरम अवस्थेत द्यायची. नंतर मणी हळूहळू निववायचा, कारण एकदम गार हवा लागली तर तो तडकतो, कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. तापलेल्या काचेतून सोडियमचा झगझगीत पिवळा उजेड येतो. तो अडवणारे खास रंगाचे चष्मे मिळतात आणि परदेशातले कारागीर ते वापरतात. आपल्याकडे बहुतेक जण डोळे बारीक करून भागवतात.

हे काम आपल्या घरांपासून दूरचे नाही, याची साक्ष आपली आडनावे देतात. मणियार हे नावच मण्यांवरून आले आहे, उत्तरेत त्यांना मनिहार म्हणतात. पटवेगार म्हणजे रेशमात मणी आणि दागिने गुंफणारे. काच करणारे ते शीशगर. आज मणियारांच्या घरी डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, बांगड्यांची दुकानेही आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी सातवाहन काळातले काचेचे मणी सापडले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सातवाहन काळाबरोबरच बहामनी काळातल्या रंगीत काचेच्या बांगड्याही निघाल्या. मोरेश्वर दीक्षित यांनी भारतीय काचेच्या इतिहासावर १९६९ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात या दख्खनी काचेला मोठी जागा आहे. बांगडी कोणत्या राजवटीतली ते अभ्यासक सांगू शकतात. तिचे टोक कोणी जोडले, ते कुठेच लिहिलेले नसते.

टोक जोडणे म्हणजे काय, ते फिरोजाबादेत कळते. तिथे कारखान्यात काचेचा धागा फिरत्या रुळावर स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो. मग तो कापला की प्रत्येक वेढ्याची एक बांगडी सुटते, पण तिची दोन टोके उघडी आणि वर-खाली असतात. या बांगड्या दोरीत बांधून घरोघरी जातात. एका घरात आचेवर धरून टोके एका पातळीत आणतात, त्याला सधाई म्हणतात. दुसऱ्या घरात ती टोके ज्योतीवर चिकटवतात, ती जुडाई. ही घरची कामे बहुतेक बायका करतात आणि त्यांत मुस्लिम बायका पुष्कळ आहेत. एका तोड्यात तीनशेहून जास्त बांगड्या असतात आणि मजुरी तोड्यावर मिळते, तासावर नाही. जून महिन्याच्या उकाड्यातही पंखा लावता येत नाही, कारण वाऱ्याने ज्योत हलते. ताजमहालाला धुराचा त्रास होतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आग्रा परिसरातल्या उद्योगांना कोळसा बंद करून गॅस वापरायला सांगितले. फिरोजाबाद त्याच परिसरात येते. संगमरवरावर साचणाऱ्या काजळीचा हिशेब झाला, ते योग्यच झाले. बंद खोलीत ज्योतीवर वाकलेल्या बाईच्या छातीत काय साचते, त्याचा हिशेब अजून व्हायचा आहे.

आपल्या गावात भट्टी नाही, पण अशा खोल्या आहेत. आमच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी अर्जावर ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना असतो. आम्ही विचारतो तेव्हा उत्तर ठरलेले असते, ‘‘कुछ नहीं टीचर, घर मेंच रहती.’’ बोलता बोलता कळते की भाभी व्यापाऱ्याकडून पोत आणून सर ओवून देतात, कानातल्या झुमक्यांना मणी लावतात, रमजानच्या आधी दोन महिने क्रोशाच्या टोप्या विणतात, थंडीत बाळांची लोकरीची मोजडी आणि टोपरी करतात. घरभाड्यातला काही हिस्सा, मुलाच्या क्लासची फी, सासूबाईंची औषधे त्यातून जातात. तरीही ‘कुछ नहीं’. नवरा बाजूला उभा असला तर तो हसून म्हणतो, ‘‘टाइमपास है उसका.’’

आम्ही गणित शिकवतो, म्हणून या टाइमपासचे एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, एका टोपीची मजुरी ६० रुपये आहे आणि दोरा व्यापाऱ्याचा आहे. टोपीला वेळ किती लागतो, असे विचारले तर कोणी सांगू शकत नाही. भाजी चुलीवर ठेवून दोन फेऱ्या, मुलाला झोपवून चार फेऱ्या, असे ते काम होते. तर फेऱ्याच मोजायच्या. टोपी मधोमध सुरू होऊन गोल गोल वाढत जाते. सुरुवातीची फेरी मिनिटात होते, माथ्याच्या कडेची फेरी मोठी असते, पुढे बाजूच्या फेऱ्या सारख्याच राहतात. म्हणून पहिल्या फेऱ्यांवरून अंदाज बांधू नये. एकदा घड्याळ समोर ठेवून पूर्ण टोपीची प्रत्येक बैठक लिहून काढावी. समजा, बेरीज चार तास आली. तासाला १५ रुपये झाले. यातून दिव्याची वीज, वाकलेली सुई आणि चाळिशीनंतर लागणारा चष्मा वजा करायचा आहे. हे गणित सातवीची मुलगी सोडवील. तिच्या आईने ते कधी मांडलेलेच नसते.

आणि त्याच सातवीच्या मुलीची आम्हाला जास्त काळजी वाटते. दर कमी असला की माल जास्त उचलावा लागतो, आणि माल जास्त झाला की आणखी दोन हात लागतात. ते हात मुलीचे असतात. तिची बोटे नाजूक, नजर तीक्ष्ण, सुईत दोरा पटकन ओवते. रमजान जवळ आला की काही मुली पहिल्या तासालाच पेंगू लागतात आणि त्यांच्या तर्जनीच्या टोकाला सुईच्या खुणा दिसतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या कामात मदत करायला मुभा दिली, तीही शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत आणि धोका नसलेल्या कामात. पण रात्री अकरापर्यंत सर ओवणे ही मदत की मजुरी, ते पाहायला कोणी घरात येत नाही. आईने मुलीला कला शिकवावी, जरूर शिकवावी. क्रोशाची एक फेरी चुकली तर उसवून पुन्हा विणायची, ही शिस्त आमच्या वहीकामापेक्षा चांगली आहे. पण कला शिकवणे वेगळे आणि व्यापाऱ्याची तारीख पाळायला मुलीची झोप मोडणे वेगळे. आईच्या मजुरीचा प्रश्न मुलीच्या हजेरीपर्यंत येतो तो असा.

हातकामाला आपण कमी लेखतो, ते कुठून शिकलो कोण जाणे. दीनमधून तर नाही. उम्मुल मोमिनीन ह. जैनब बिन्ते जहश (रजि.) कातडे कमावत, शिवत, आणि त्या कमाईतून सदका देत. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी आपल्या पत्नींना सांगितले होते की तुमच्यापैकी जिचा हात सर्वांत लांब, ती मला सर्वांत आधी येऊन मिळेल. त्यांनी आपापले हात मोजूनही पाहिले. पुढे ह. जैनब (रजि.) यांचे निधन सर्वांत आधी झाले, आणि त्या तर उंचीने लहान होत्या. तेव्हा लांब हाताचा अर्थ उमगला, की तो कमावणारा आणि देणारा हात होता. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस आपल्या घरात सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला त्याबरोबर ह. शुऐब (अलै.) यांचीही आठवण होते. मदयनच्या बाजाराला त्यांनी माप पुरते द्यायला सांगितले आणि लोकांच्या वस्तूंचे मोल घटवू नका असेही बजावले. मॉलमधल्या टोपीच्या चिठ्ठीवरची किंमत आपण निमूटपणे देतो, आणि शेजारच्या भाभींनी विणलेल्या टोपीला, ‘‘घर कीच तो है, इतने क्या?’’ म्हणतो, तिथे हे लागू पडते.

व्यापारी सगळे लबाड असतात असे आम्ही म्हणणार नाही. दोरा त्याचा, उधारी त्याची, न विकलेला माल त्याच्याच गळ्यात. पण गल्लीतल्या पाचजणी वेगवेगळ्या गेल्या तर पाच दर मिळतात, एकत्र गेल्या तर एकच मिळतो आणि तो बहुधा जरा बरा असतो. इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत ‘सेवा’ ही संघटना उभी केली ती अशाच, मालक एक नसलेल्या बायकांची.

सरकारी नोंदीकडेही लक्ष हवे. ई-श्रम पोर्टल २०२१ मध्ये सुरू झाले. असंघटित क्षेत्रात काम करणाऱ्या १६ ते ५९ वयाच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या, पीएफ-ईएसआय नसलेल्या कोणालाही तिथे आधार आणि बँक खात्यावर नोंद करता येते, आणि त्यात कामाचा प्रकार लिहावा लागतो. हस्तकलेच्या कारागिरांना केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाकडून ‘पहचान’ ओळखपत्र मिळते. त्यासाठी आपले काम दाखवावे लागते, तेव्हा केलेल्या नगांचे फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवावेत. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात शिंपी आहे, फुलांच्या माळा करणारा आहे, पण काचेचे मणी ओवणारी किंवा क्रोशा विणणारी नाही. ‘कुछ नहीं’ सांगणाऱ्यांना यादीत कोण घेणार?

काही आयांना शंका असते की अर्जावर व्यवसाय लिहिला तर मुलीची शिष्यवृत्ती जाईल. शाळेच्या त्या रकान्यावरून शिष्यवृत्ती ठरत नाही. ती उत्पन्नाच्या दाखल्यावर ठरते, आणि तो तहसील कार्यालयातून घ्यायचा असतो. तिथे घरचे उत्पन्न खरे सांगावे, वर्षभराच्या टोप्यांचेही सांगावे. वही असेल तर आकडा चटकन सांगता येतो. वही चाळीस पानी पुरे. डाव्या पानावर तारीख, आणलेला माल आणि बैठकीचा वेळ, उजव्या पानावर दिलेला माल, मिळालेले आणि राहिलेले पैसे. लिहायला जमत नसेल तर संध्याकाळी मुलीने पाच मिनिटे लिहून द्यावे. आईच्या धंद्यात तिची एवढी मदत पुष्कळ झाली.