भगवा मावळा आणि हरवलेले रान

भाईंदरच्या सोसायट्यांतील दिवाळीचे किल्ले पाहा: उघड्या मातीवर भडक भगवे मावळे रांगेने उभे! ‘रंग उठून दिसतो’ हे त्याचे समर्थन. परंतु उठून दिसणे हेच रानातल्या लढाईत मरण होय.

२ फेब्रुवारी १६६१ रोजी खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत कारतलबखानाची बलाढ्य फौज कोंडली गेली, ती चिंचोळ्या वाटेमुळे आणि झाडीत दबा धरलेल्या मराठ्यांमुळे. तेथे रान हेच शस्त्र होते. ते वगळले की पराक्रमाचा देखावा उरतो, डावपेच हरवतो.

म्हणून मावळ्याला मातकट रंग द्या. बैठकीवर हिरवा भुसा नको; माघातले वाळके गवत, काटक्या, खडे चिकटवा. पाहणाऱ्याला तो चटकन सापडला नाही, तरच इतिहास साधला.