भाकितांचा बाजार आणि दोन्ही भाव लावणारा

उद्या काय घडेल यावर पैसा लावणे आपल्या पेठांना नवे नाही. कलकत्त्यास पावसावर एवढा सट्टा चाले की 1897 साली बंगालमध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. अमेरिकेत आज ‘काल्शी’, ‘पॉलिमार्केट’ हे जे भाकितांचे बाजार चालतात, त्यांतील सौदा तितकाच सरळ आहे. घटना घडली तर एक डॉलर, न घडली तर शून्य. भाव साठ सेंट असेल, तर बाजाराच्या मते घटनेचा संभव शेकडा साठ.

काही तरुण बांधव म्हणतात, “आम्ही सट्टा करीत नाही. अठ्ठावन्नला घेतो, एकसष्टला देतो. तीन सेंट आमची अडत.” ही तुलनाच आम्हांस मान्य नाही. अडत्या मालाची जोखीम घेत नाही. दोन्ही भाव लावणारा, ज्याला मुंबईच्या शेअरबाजारात जॉबर म्हणत, तो माल स्वतःच्या शिरावर घेतो. ज्वारी मंदीत सापडली तरी पोत्यात ज्वारी उरते. येथे निकाल विरुद्ध गेला की अठ्ठावन्नचा माल शून्य होतो. वीस सौद्यांत साठविलेले साठ सेंट एका सौद्यात जवळजवळ सर्व जातात. शिवाय ज्याला बातमी आधी कळते तोच घाईने आपल्या भावाला होकार देतो. 2024 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत एका फ्रेंच गृहस्थाने स्वखर्चाने मतदारांची खासगी पाहणी करविली आणि पॉलिमार्केटवर आठ कोटींहून अधिक डॉलर मिळविले. ते समोरच्या बाजूने सौदे करणाऱ्यांच्याच खिशांतून आले.

डब्लिनच्या अर्थशास्त्रज्ञांनी काल्शीवरील लक्षावधी सौदे तपासून 2025 मध्ये निष्कर्ष मांडले. दहा सेंटांहून स्वस्त माल घेणाऱ्यांचे शेकडा साठाहून अधिक भांडवल बुडाले. (स्वस्त माल पाहून हात शिवशिवणे हा रोग सर्वत्र सारखाच दिसतो!) तयार भाव उचलणारे अधिक बुडाले, भाव लावून थांबणारे कमी, परंतु सरासरीने तेही तोट्यातच. पॉलिमार्केट तर भाव लावणाऱ्यांना वेगळे बक्षीस देते. नुसत्या अंतरावर पोट भरत असते, तर पेढीच्या मालकाने वर बक्षीस कशाला दिले असते? 2024 पासून काल्शीवर सस्क्वेहाना ही अमेरिकेतील बलाढ्य पेढीही दोन्ही भाव लावू लागली. तिच्या यंत्रांशी घरबसल्या स्पर्धा करावयाची, हा विचार आम्हांस तरी पटत नाही.

भारतात 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, आणि सेबीनेही त्या वर्षी अशा ‘मत-व्यवहारां’विषयी सावध केले होते. तेव्हा येथील सभासदांपुरता प्रश्न मिटला. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलांना मात्र आमची एवढीच सूचना आहे. त्यांनी खतावणीत तीन खाती निराळी ठेवावीत : भावांतील अंतराचे, बक्षिसाचे आणि निकालानंतर शून्य झालेल्या मालाचे, आणि पहिल्यातून तिसरे वजा करून उरेल तो आकडा दिवाळीपूर्वी वडिलांस कळवावा.