मार्सेलिस म्हणजे केवळ उडी नव्हे

मार्सेलिस म्हटले की मराठी माणसाला एकच आठवते: ८ जुलै १९१०, 'मोरिया' जहाज आणि सावरकरांची उडी. आमच्या अकोटातल्या वक्तृत्व स्पर्धांतून ही उडी किती वेळा मारली गेली असेल, देव जाणे! पण वक्ता सहसा पाण्यातच थांबतो. किनाऱ्यावर पाय लागल्यावर काय घडले, ते सांगायला त्याच्यापाशी वेळ उरत नाही.

खरी गोष्ट तिथेच आहे. फ्रेंच भूमीवर पोचलेल्या माणसाला फ्रेंच पोलिसाने धरले आणि मागून धावत आलेल्यांच्या मदतीने काही मिनिटांत पुन्हा जहाजावर चढवले. प्रत्यार्पणाची कागदोपत्री कारवाई नाही, काही नाही. फ्रान्समध्ये गदारोळ झाला, कैदी परत मागितला गेला आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी पाच पंचांनी निकाल दिला: अटक करून सोपवण्यात अनियमितता झाली खरी, पण म्हणून ब्रिटनवर कैदी परत करण्याचे बंधन नाही! चूक मान्य, भरपाई अमान्य. त्याआधीच मुंबईत दोन जन्मठेपा, म्हणजे पन्नास वर्षे, सुनावून झाल्या होत्या. सावरकरांच्या राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, हा निकाल प्रत्येकाने वाचावा असा आहे.

आणि ते शहर? इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दींनी वसवलेले. कापसावर जगणाऱ्या आपल्या वऱ्हाडाने तर त्याची १७२० ची हकीकत जरूर ऐकावी. त्या वर्षी मे महिन्यात पूर्वेकडून एक जहाज तिथे आले. पोटात रेशीम आणि कापसाच्या गाठी. वाटेत खलाशी मेलेले. असे जहाज लांबच्या बेटावर अडकवून ठेवण्याची पद्धत त्या बंदरात होती. परंतु मालात शहराच्या एका कारभाऱ्याचाच वाटा, आणि तो माल बोकेअरच्या जत्रेत विकायचा. गाठी शहराजवळच उतरल्या. प्लेगने दोन वर्षांत जवळपास निम्मे शहर नेले.

तेव्हा स्पर्धेच्या परीक्षकांना एक विनंती: पुढच्या खेपेस वक्त्याला उडीनंतरची दोन मिनिटे वाढवून द्या. हेगचा निकाल तेवढ्यात बसतो. गाठींचे मात्र जिनिंगच्या आवारातच सांगितलेले बरे.