इशारा दारापर्यंत पोचला पाहिजे!

पावसाळा आला की आपल्या वस्त्यांत छपरावर प्लास्टिक चढते, मोरीपुढे विटा रचल्या जातात. एवढे केले की आपण निर्धास्त होतो. परंतु पाऊस कधी व किती येणार, हे ऐकण्याची तयारी कोणी करीत नाही.

अमेरिकेत याकरिता स्वतंत्र रेडिओ आहे. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधील सात लहरींवर रात्रंदिवस हवामान सांगितले जाते. आपल्या घरातल्या साध्या रेडिओवर ते लागत नाही. स्कॅनर किंवा खास संच लागतो. धोका निर्माण होताच हा संच आपणहून भोंगा वाजवून झोपलेल्यांना उठवतो. ज्या जिल्ह्याला धोका, त्याच जिल्ह्यापुरता तो वाजावा, अशीही सोय असते.

आपल्या भागापुरत्या इशाऱ्याचे मोल मुंबईकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम पाऊणशे!

आपल्याकडे हवामान खाते रंगांनी इशारा देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. २०२३ साली अनेकांच्या मोबाईलवर अचानक भोंगा वाजून सरकारी चाचणीचा संदेश आला, तोही याच कामासाठी. पण वीज गेली, मोबाईल बंद पडला, तर? तेव्हा सेलवर चालणारा रेडिओच कामी येतो.

म्हणून आम्ही सुचवितो: प्रत्येक विहारात असा एक रेडिओ व जादा सेल ठेवावेत. चार महिन्यांसाठी दोन तरुण नेमावेत. त्यांनी रोजचा रंग फळ्यावर लिहावा व लाल रंग असेल त्या दिवशी म्हातारी माणसे, बाळंतिणी यांच्या दारी जाऊन सांगावे. जातीचा दाखला, रेशनकार्ड, मुलांच्या गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवाव्यात. भिजलेला दाखला पुन्हा काढताना किती खेटे घालावे लागतात, हे आपण जाणतोच.

पूज्य बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यातील पुराला आवर घालणाऱ्या योजनेला चालना दिली. पुराला नशीब म्हणून हात जोडणे त्यांना मान्य नव्हते. तथागतांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचा, म्हणजे जागे राहण्याचा आहे. वस्तीत एक जण जागा असेल, तर शंभर घरे निश्चिंत झोपतील.

जयभीम!