मूठभर ज्वारीचं पुण्य

आमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमागे सध्या दोन अंडी आहेत. दीड-दोन महिन्यांपूर्वी याच जागी दोन पिल्लं होती, आणि त्याच्या आधी... जाऊ दे. ती घाण आणि ते अखंड घुमणं हा आजचा विषयच नाहीये. विषय आहे चौथ्या मजल्यावरचे काका. रोज सकाळी गच्चीवर किलोभर ज्वारी टाकतात. परवा लिफ्टमध्ये मी धीर करून बोललो तर म्हणाले, "अरे, मुका जीव आहे. आपण नाही घातलं तर खाणार काय? पुण्य लागतं बाबा."

काका खरंच सज्जन माणूस आहे. सोसायटीत कुणाच्याही घरी दवाखाना निघाला की आधी तेच धावतात. पण या एका बाबतीत माझं त्यांच्याशी आणि त्यांच्यासारख्या हजारो सज्जनांशी जोरदार भांडण आहे. तुम्ही कबुतरांना जगवत नाही आहात, तुम्ही कबुतरं तयार करत आहात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत राव!

बहुतेक पक्षी बारमाही वीण करू शकत नाहीत, कारण पिल्लांचं खाणं बारमाही मिळत नाही. चिमणीचंच घ्या. ती स्वतः दाणे खाते, पण तिच्या लहान पिल्लांना दाणे चालत नाहीत, त्यांना किडे-अळ्याच लागतात. आपण बाल्कनीत लाकडी घरटं टांगतो, खाली तांदूळ टाकतो आणि चिमणी का येत नाही म्हणून हळहळतो. अहो, पण सोसायटीची सगळी झाडं कापून पेव्हर ब्लॉक बसवले, उरलेल्यावर दर महिन्याला औषध फवारलं, तर ती पिल्लांना भरवणार काय? लंडनच्या उपनगरांत चिमण्यांच्या विणीच्या काळात मुद्दाम अळ्या पुरवून पाहिल्या, तर घरट्यातून उडून जाणारी पिल्लं वाढली. (मोठ्या चिमण्यांची एकूण संख्या मात्र त्याने वाढली नाही. म्हणजे त्यांचं दुखणं आणखीही काही आहे.)

कबुतराने हा सगळा प्रश्न शॉर्टकट मारून सोडवलाय. ते पिल्लांना दूध पाजतं. चेष्टा नाही! गळ्यातल्या अन्नपिशवीच्या आतल्या थरापासून प्रथिनं आणि चरबीने भरलेला दह्यासारखा पदार्थ तयार होतो, तोही नर आणि मादी दोघांच्या. त्यामागचं संप्रेरक प्रोलॅक्टिन, म्हणजे आपल्याकडे आईच्या दुधामागे असतं तेच. (आपल्या ठाण्याच्या खाडीत येणारे फ्लेमिंगोही अशी करामत करतात.) पहिले काही दिवस पिल्लं फक्त यावर वाढतात. म्हणजे आईबापांना कोरडी ज्वारी मिळाली की पिल्लांची सोय झाली. किडे नकोत, पावसाळा नको, ऋतू नको. एका वेळी दोन अंडी, साधारण अठरा दिवस उबवणं, महिन्याभरात पिल्लं उडायच्या बेतात, आणि ती घरट्यात असतानाच पुढची अंडी. दाणे भरपूर असतील तर वर्षाला पाच-सहा विणी आरामात होतात.

आता काकांची किलोभर ज्वारी या हिशेबात टाकून बघा. एरवी कबुतराचा दिवस खाणं शोधण्यात जातो. दाणे आयते मिळाले की तो सगळा वेळ विणीला मोकळा.

हे माझं डोकं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात हे करून पाहिलंय. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे १ लाख कबुतरं पकडून, गोळ्या घालून मारली. संख्या किती घटली? घटलीच नाही. वीस हजारांच्या आसपास होती तशीच राहिली, कारण मेलेल्यांच्या वाटचे दाणे आणि जागा नव्या पिल्लांना मिळाल्या. मग १९८८ पासून तिथल्या विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ डॅनियल हाग-वाकरनागेल यांच्या पुढाकाराने वेगळी मोहीम निघाली. पत्रकं, पोस्टर, आणि लोकांना एकच सांगणं, की तुमच्या दाण्यांमुळे गर्दी होते आणि त्या गर्दीत पिल्लंच रोगाने, गोचिडांनी हाल होऊन मरतात. सोबत देखरेखीखाली काही कबुतरघरं ठेवून अंडी काढून घेतली, पण मुख्य भर दाणे कमी करण्यावर होता. सुमारे चार वर्षांत संख्या जवळपास निम्म्यावर आली. बंदुकीने पाव शतकात जमलं नाही ते!

आणि आपण काय केलं? २०२५ च्या जुलैत मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा झाली, ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री आली, ६ तारखेला जमावाने ती ओढून काढली, मग कोर्ट. मी जेवढं वाचलं, ऐकलं त्यात एका बाजूला फुप्फुसं, दुसऱ्या बाजूला धर्म. फुप्फुसांचा मुद्दा खराच आहे, पण दाण्याचा आणि अंड्याचा संबंध कुणी काढताना दिसलं नाही. वर्षानुवर्षं आयतं घालून वाढवलेले हजारो पक्षी आणि एके दिवशी अचानक ताडपत्री, हेही मला पटत नाही. सवय आपण लावली, तर मोडायचीही हळूहळू. दाणा टप्प्याटप्प्याने कमी झाला की आधी वीण मंदावते, मोठे पक्षी पांगून खाणं शोधतात. "उपाशी मरतील" म्हणणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न आहे. त्याच दाण्यांवर जन्माला येऊन एसीमागे, डक्टमध्ये, घाणीत मरणारी पिल्लं कुणाच्या खात्यात लिहायची?

हे सगळं मी काल काकांना सांगितलं. बाझलसकट. आठवड्याला एक-एक मूठ कमी करा, पाण्याचं भांडं राहू द्या, असंही म्हणालो. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ही गेल्यापासून सकाळी वर जायला तेवढं एकच कारण आहे रे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज सकाळी गच्चीवर जाऊन आलो. ज्वारी होतीच. कालपेक्षा कमी होती की तेवढीच, ते काही कळलं नाही.